माझी पारखी नजर

३ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या पूजासाठी स्थळ आलं – इतवाऱ्यातलं. मुलगा मोहित, घरचं कापडाचं दुकान. आई लहानपणीच गेली, आत्यानं वाढवला. फोटो पाहिला. कपाळ चांगलं रुंद, पण भुवया जुळलेल्या. अशी माणसं मनात धरून ठेवतात. हे म्हणाले, "फोटोवरून निकाल लावू नकोस." फोटोवरून कशाला, प्रत्यक्ष बघूनच लावीन! नात्यात कुणाचंही ठरायचं असलं की आधी मलाच पाठवतात. शारदाची नजर चुकत नाही, असं सासूबाईसुद्धा म्हणायच्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी एक बाई दाराशी. वरची खोली भाड्यानं देता का? घारे डोळे, टोकदार हनुवटी, झिजलेल्या चपला. बोलत माझ्याशी होती, पण नजर जाळीतून आत – सोफा, देव्हारा, फ्रिज. एका नजरेत ओळखलं मी, चांगल्या घरची नाही. "नाही द्यायची," म्हटलं. तर म्हणे, "थोडं पाणी भेटंल का ताई? उन्हाची आली मी." नळच आला नाही आज, असं सांगून टाकलं. माठ भरलेला होता, पण दार कोण उघडणार! ती हसली आणि गेली. ते हसणंही मला आवडलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बघायच्या कार्यक्रमाआधी गुपचूप जाऊन बघून यायचं, ही आमच्याकडची रीतच. ब्लाउजपीसचं निमित्त काढून इतवाऱ्यात गेले. बाजारात ही गर्दी, रिक्षांचे भोंगे. मोहितच कापड दाखवत होता. हसला नाही. डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही – सारखा माझ्या ओठांकडे बघत होता! आईच्या वयाची बाई मी. अस्तर मागितलं, तेही तीनदा सांगावं लागलं.

नजर न देणारा माणूस आतून खोटा असतो. नकार कळवायचा.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना पूजाला सांगितलं. वाटलं, नेहमीसारखी "बरं" म्हणेल. तिनं ताट सरकवलं. "तुझ्या नजरेनं मी अठ्ठावीसची झाली, मम्मी. पहिल्याचे दात, दुसऱ्याची चाल. आता बस्स. हा मला पसंत आहे." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी ते ओठांचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही, मम्मी. गर्दीत ओठ बघून समजून घेतो. पहिल्या फोनवर पहिली हीच बात सांगितली त्यानं. म्हणे, बाद में पता चले, उससे अच्छा अभी बोल दूँ."

मग आम्हाला का नाही सांगितलंस?

"तू आधी माणूस तर बघ, म्हणून."

यांनी मान खाली घालून जेवण संपवलं. म्हणजे यांनाही माहीत होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाजी करपली. फार लाज वाटते आहे. ज्याला मी खोटा ठरवला, त्यानं सगळ्यात आधी खरं सांगितलं. आणि मी पूजाची दोन स्थळं कशावरून घालवली – दात आणि चाल! यांना म्हटलं, रविवारी बोलवा त्यांना. माझ्याकडून होकार आहे. संध्याकाळी चहा पूजानंच केला, माझ्यासाठी आलं घालून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्याच्या पाहुण्यांसाठी गोडाचा दराबा केला. रवा छान फुलला, तूप सढळ घातलं. पूजा दिवसभर गुणगुणते आहे. एवढी खुललेली मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. देवा, आता काही मोडू देऊ नकोस.

१६ फेब्रुवारी, रविवार

आले. मोहितच्या मागून त्याच्या आत्या, कोकिळाबाई. घारे डोळे, टोकदार हनुवटी.

मी दारातच उभी राहिले. त्या आत येऊन सोफ्यावर बसल्या. पूजाकडे पाहून हसल्या – किती मायेचं हसणं ते! मग माझ्याकडे वळल्या.

"आज नळ आला का, ताई?"

पाणी पूजानं दिलं. उत्तर विचार करून कळवतो, म्हणाल्या कोकिळाबाई.