सेनापतीचा आहार

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी परंदवडीच्या विहारात वंदना. पंचशील मोठ्या आवाजात म्हटलं. परतताना सोमाटण्याच्या बाजारात धोंडाबाई मावशींच्या घमेल्यात पवना नदीतला शिंगाळा मासा. वीतभर, जिवंत, लांब मिशा. मावशी म्हणाल्या, कापून देऊ का, भाऊ? प्राणिहिंसा करणार नाही असं म्हणून अजून तोंड वाळलं नव्हतं. म्हटलं, असाच द्या. मावशींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

रंगाच्या बादलीतून तळेगावला आणला. हॉलमधल्या काचेच्या टाकीत सोडला. नाव सेनापती. चैतालीने विचारलं, हा केवढा होणार? मी सायन्स समजावलं. मासा टाकीच्या मापाचाच वाढतो. ती म्हणाली, हे माशाला कुणी सांगितलंय का? बायकोने नवऱ्याच्या अभ्यासाची थट्टा करू नये. तरी शब्द दिला, पोळपाटापेक्षा मोठा झाला तर घराबाहेर.

१५ मे

टाकीतले जुने दोन गोल्डफिश दिसत नाहीत. नवीन पाहुण्याला बुजले असावेत. लपलेत.

१७ मे

टाकीत लपायला जागाच नाही, हे चैतालीने लक्षात आणून दिलं. सेनापतीचं पोट गोल.

हिंसा त्याने केली, मी नाही. पण त्याला आणलं मी. दुपारी यावर शांतपणे विचार करायला आडवा झालो. उठलो तेव्हा चहा झाला होता.

संकल्प: उद्यापासून सेनापती शाकाहारी. उकडलेले मटार, सकाळी ड्यूटीला जाण्याआधी, मोजके. याने दोन गोष्टी साधतील. शील पाळलं जाईल आणि वाढ आटोक्यात राहील.

२० मे

मटार तसेच तळाशी. हरकत नाही. आत्मसंयमाला वेळ लागतो.

२४ मे

यश! संध्याकाळी आलो तर एकही मटार शिल्लक नाही. कंपनीत कॅन्टीनमध्ये संदेशला सांगितलं, तुम्ही लोक प्राण्यांना समजूनच घेत नाही. जेवायला मटार पुलाव. छान योगायोग.

१ जून

तो मला ओळखतो! मी हॉलमध्ये आलो की काचेशी येतो, मिशा हलवतो. चैताली आली की जरा जास्तच हलवतो, पण ते ती माझ्या शेजारी उभी असते म्हणून.

खरं लिहायचं तर बरं वाटलं. कंपनीत सुपरवायझर ऐकत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा मुद्दा मिनिट्समध्ये येत नाही, घरात रिमोट माझ्याकडे नसतो. माझं ऐकणारं एक तरी कोणी हवं.

२२ जून

सेनापती लक्षणीय वाढला आहे. निव्वळ मटारांवर! लोक उगाच मटणामागे लागतात. स्वतःही आठवडाभर मटारांवर राहून बघावं म्हणतो. तशीही संधी आहेच, आज परत मटार पुलाव.

किचनमधला सुकटीचा डबा रिकामा. आईने परंदवडीहून परवाच भरून दिला होता. चैतालीला म्हटलं, घरात उंदीर झालेत, पिंजरा आणू. ती म्हणाली, नको, मी लक्ष ठेवते. गुणी आहे तशी. फक्त माशाबद्दल मन कठोर.

१३ जुलै

वळताना त्याला शेपूट दुमडावी लागते. सकाळी उडी मारून झाकण उडवलं. हॉलभर पाणी. खालच्या मजल्यावरचे माधवराव वर आले. त्यांच्या देवघरावर थेंब पडतोय म्हणाले. मी म्हटलं, मावळातला पाऊस आहे. ते म्हणाले, पावसाला माशाचा वास येतो का? माधवरावांचा स्वभाव संशयी.

झाकणावर पोळपाट ठेवला. पोळ्या आता ताटावर लाटल्या जातात. चैताली लाटता लाटता आधी पोळपाटाकडे बघते, मग माझ्याकडे. तिचं हे बघणं मला आवडत नाही.

१० ऑगस्ट

पोळपाट झाकणावरच होता, म्हणून माप घेऊन वाद मिटवायचं ठरवलं. पाण्यात हात घातला, प्रेमाने हाक मारली. त्याने कल्ल्याजवळचा काटा तळव्यात असा मारला की माझा आवाज माधवरावांकडे पोचला. ते म्हणे खूश झाले.

डॉक्टरांना सांगितलं, बाभळीचा काटा. त्यांनी विचारलं, तळेगावच्या फ्लॅटमध्ये? हात वांग्याएवढा सुजलाय. डाव्या हाताने लिहितोय. इतकी ओळख असताना असं वागणं बरं नव्हे. भुकेने चिडला असेल का? पण मटार तर रोज संपतात.

माप राहिलंच. चैतालीने बाहेरूनच पोळपाट काचेला लावून दाखवला. दोन्ही बाजूंनी मासा बाहेर.

७ सप्टेंबर

टाकीच्या कोपऱ्याला चीर. मी खंबीर निर्णय घेतला: सेनापतीला परंदवडीला आबांच्या शेततळ्यात सोडायचं. आबांना फोन केला तर म्हणाले, व्हय, सूनबाईचा फोन आलता मागल्याच आठवड्यात, आन की, तळ्यात बेडकं लय झाल्यात. मागून आईचा आवाज, कालवणापुरता हाय का रं? मी फोन ठेवला.

१४ सप्टेंबर

सोडला. पिंपात घालून रिक्षा टेम्पोने नेला. मी दोन शब्द बोललो. म्हटलं, जा, पण विसरू नकोस. तो माझं वाक्य पूर्ण होण्याआधी गेला. आईने विचारलं, माश्याशी बोलतूयास व्हय रं? आबांनी तिला गप्प केलं. चैताली तळ्याच्या कडेला पाठ करून उभी होती. डोळ्यांत कचरा गेला म्हणाली.

घरी टाकी रिकामी. हॉल एकदम मोठा झालाय. मला करमत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

२ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन

वंदनेनंतर सगळे आबांकडे जेवायला. संदेशलाही मुद्दाम बोलावलं होतं. मासा माणूस ओळखतो हे डोळ्यांनी बघ म्हटलं. सगळ्यांना तळ्यावर नेलं. मटार सोबत होते.

हाक मारली. नाही. मटार टाकले. नाही. दुसऱ्या बाजूने हाक मारली, मग गुडघ्यावर बसून. एक बेडूक आला. संदेश घड्याळ बघायला लागला. आबा म्हणाले, झोपला आसंल. मी म्हटलं, पाणी नवीन आहे, आवाज नीट पोचत नाही.

तेव्हा चैताली मागून आली. हातात स्टीलची ताटली आणि चमचा. टण टण टण वाजवलं. पाणी हललं, आणि आधी मिशा आल्या. मग अख्खा सेनापती, हातभर. थेट तिच्या पायांशी. तिने ताटलीतली सुकट टाकली. त्याने तोंड उघडलं तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आई टाळी वाजवून म्हणाली, आगं, ह्यो तर तुजा मासा हाय की! संदेश हसला. मग आबाही हसले. त्यांचं हसणं लागलं.

परतताना गाडीवर चैतालीने आपणहून सांगितलं. मी ड्यूटीला गेलो की ती मटार काढून घ्यायची, धुवून ठेवायची, आणि त्याला सुकट नाहीतर कलेजी द्यायची. म्हणाली, उपाशी होता हो बिचारा. माझ्या घरात कुणी उपाशी राहिलेलं मला बघवत नाही. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही किती खुशीत होता.

सोमाटणे फाट्याला गाडी बाजूला घेतली. मग विचारलं, आणि काढलेल्या मटारांचं काय करायचीस? ती म्हणाली, आधी गाडी चालू करा.

३ ऑक्टोबर

संकल्प: आता या घरात मला गृहीत धरलेलं चालणार नाही. हे तिला स्पष्ट सांगायचं. संध्याकाळी बेडरूमचं दार लावून मुद्दे लिहायला बसलो. पहिला मुद्दा झाला, दुसऱ्याची सुरुवात झाली.

बाहेर चैतालीने ताटावर चमचा वाजवला. टण टण टण.

डायनिंग टेबलाशी येऊन बसल्यावर लक्षात आलं. पेन हातातच होतं. पुलाव होता.