आईवरची शिवी

॥ श्री ॥
उमरठ, ७ नोव्हेंबर २०२४

चि. सुशांत यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिशासाठी पाठवलेला स्वेटर मिळाला. रंग तुझ्या बायकोने निवडला असणार, तुझी अक्कल मला ठाऊक हाय. भाताची झोडणी उरकली. दिशा सहामाहीत पाचवी आली.

आता मुद्द्याचं. तू लिहिलेली वेबसिरीज गावभर बघतायत. पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मी शेजारणीला बोलावून दाखवलं, माझा भाऊ हाय म्हणून. मग तिसरा भाग लागला. नवरा दार लावतो. बायकोला म्हणतो, मंगळसूत्र काढून खिळ्याला अडकव, तुटलं तर भरून कोण देणार. आणि मग कमरेचा पट्टा काढतो.

सुशांत, हे मी तुला पत्रात लिहिलं होतं. फक्त तुला. माझा फोन हे तपासतात म्हणून पोलादपूरला अक्षदाच्या शिवणक्लासात बसून कागदावर लिहायची. तू ते जसंच्या तसं उचललंस. वर त्या बाईला उघडी करून दाखवलीस, ते तर मी लिहिलंच नव्हतं.

आणि ती शिवी! मारताना हे घालतात तीच. एसटी स्टँडवर पोरं ती एकमेकांना घालतात नि खिदळतात. दिशाच्या वर्गातला एक पोरगा फळ्यावर लिहून पळाला. अरे मेल्या, ती आपल्या आईवरची शिवी हाय. पट्टा सोसायची मी, पण ती ऐकताना कानावर हात ठेवायची. तुझा हात कसा झडला नाय रे लिहिताना?

ह्यांनी अजून बघितलेलं नाय. बघतील तर ओळखतील, मी घरातलं बाहेर सांगितलं म्हणून. पुढे काय होईल ते तूच समज. तो भाग काढता येतो का बघ, हात जोडते. उत्तर अक्षदाच्या पत्त्यावर टाक.

आईला नमस्कार, वहिनीला आशीर्वाद. माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
दर्शना

मुंबई, १७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सुशांतचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तो भाग काढणं माझ्या हातात नाही. एकदा लिहून दिलं की ते सिरीज काढणाऱ्यांचं होतं. त्या बाईला उघडी करायचं त्यांनी ठरवलं. नुसती मारहाण कोण बघतंय, असं मला म्हणाले, आणि मी मान डोलावली.

शिवी मात्र माझीच. खोटं बोलत नाही, लिहिताना आई आठवली होती. तरी घातली, कारण ते पान वाचून दाखवलं तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले होते आणि मला फार बरं वाटलं होतं. परवा आपल्या चाळीतली पोरं ती जिन्यात ओरडत होती. आई मला म्हणाली, असलं घाणेरडं लिहितं तरी कोण रे? मी म्हटलं, असतात लोक.

पण ताई, मला मनापासून वाटतं, आपलंच रूप समोर बघितलं की असल्या माणसाला लाज वाटत असेल. भाऊजींनी बघितलंच तर कदाचित त्यांचा हात आखडेल. तोवर थांबूही नकोस, दिशाला घेऊन इकडे ये. खोली लहान आहे, पण दाटीवाटीने राहू.

माफ कर म्हणायला तोंड नाही. हवं तर राग ठेव, पण दूर लोटू नकोस.
तुझा,
सुशांत

॥ श्री ॥
उमरठ, ५ डिसेंबर २०२४

चि. सुशांत यास आशीर्वाद. वि. वि.

ह्यांनी बघितलं. रविवारी दुपारी ओटीवर चार-पाच माणसं जमवून, मोबाईल तांब्याला टेकवून. मी आत भाकऱ्या थापत होते. तो प्रसंग आला. हे चुकचुकले. म्हणाले, काय जनावर हाय, असल्याचे हात तोडायला पायजेत! बाकीचे हो हो म्हणाले. मग मला हाक मारून पाणी मागितलं.

पाणी देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं रे. काय नव्हतं तिथे. ओळखलंच नाय. जीव वाचला म्हणून देवापुढे साखर ठेवायला हवी होती, पण ठेवली नाय. लाज वाटेल म्हणतोस? कुणाला वाटेल? त्यांना ती बाई भेटली असती तर तिची कीव केली असती त्यांनी.

तुझ्याकडे येणार नाय. तुझ्या खोलीत मी रडले तर तू जवळ येशील, आणि मला वाटत राहील की हा आता ऐकतोय कशासाठी. वाईट बोलतेय, पण खरं हाय.

आजवर अंग सुजलं की मनाशी म्हणायची, गुरुवारी अक्षदाकडे जाईन, सुशांतला लिहीन. तेवढ्यावर दिवस ढकलायची मी. परवा पुन्हा झालं. ह्या वेळी दिशा घरात होती. काय झालं ते लिहीत नाय. आता कुणालाच लिहिणार नाय.

आईने विचारलं तर ताई मजेत हाय म्हणून सांग. तुला तसं लिहिता येतं.
दर्शना