मागाहून काढलेली पॉवर

मी, डॉ. हनुमंत मल्हारी कोळपे, वय ७१, सेवानिवृत्त पशुवैद्यक, राहणार वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. तक्रार फक्त गुडघ्यांची.

१. राहते घर, भीमेकाठची जमीन व बँकेतील ठेवी पत्नी सौ. जाईबाई हिला. तिने घर विकायचे ठरवले तर कोणी आडवे येऊ नये. तिच्या पश्चात जे उरेल ते मुलगी सोनम हिला.

२. माझ्या वाट्याच्या मेंढ्या पुतण्या शंभू यास. त्याचा माझ्यावर राग होता, त्याचे कारण लिहून ठेवतो.

कोकरांच्या हगवणीवरच्या नव्या औषधाचा अभ्यास मी व सहकारी डॉ. विश्वजीत यांनी केंदूर, कासुर्डीकडच्या कळपांत केला. औषध पाजलेली कोकरे जरा कमी दगावली. पण फरक इतका थोडा, की तो निव्वळ योगायोगही असू शकत होता.

विश्वजीत म्हणाला, "आता पॉवर काढू. कमीच निघणार. मग लिहू, औषध गुणकारी आहे, कोकरं अपुरी पडली."

पॉवर म्हणजे औषधाला अमुक इतका गुण असेल, तर तो आपल्या अभ्यासात दिसून येण्याची शक्यता. ती आधी काढायची, कोकरे किती घ्यायची हे ठरवायला. मी म्हणालो, "हाती आलेल्या फरकावरनंच ती मागाहून काढली, तर आलेलं उत्तरच दुसऱ्या आकड्यात दिसतं. नवं काय कळलं?"

तो उठून गेला. अहवालावरचे माझे नाव मी काढून घेतले, बढती हुकली. औषध मात्र खपू लागले.

शंभूची कोकरे मरत होती. "आप्पा, पाजू का नको?"

"मला ठाऊक न्हाई."

"डॉक्टर असून?"

"व्हय."

तो यायचाच बंद झाला.

३. सूक्ष्मदर्शक व पुस्तके दौंडच्या पशुवैद्य डॉ. समृद्धी हिला. तिने तोच प्रश्न नव्याने घेतला. किती कोकरे लागतील ते आधी ठरवले आणि तेवढी मिळेपर्यंत दम धरला. निकाल यंदा आला. औषधाला गुण आहे. थोडा, पण आहे.

मी तडक शंभूला फोन लावला. "पाज," म्हणालो. तो म्हणाला, "संध्याकाळी येतो चहाला."

विश्वजीतचाही फोन आला. "बघ, माझंच खरं निघालं!"

"औषधाचं व्हय. पॉवरचं न्हाई."

दोघेही खूप हसलो. मला वाईट वाटेल असे जाईला वाटत होते. पण इतके हायसे मला निवृत्तीच्या दिवशीही वाटले नव्हते. त्या रात्री गाढ झोपलो.

४. माझी जीप विश्वजीतला द्यायची होती. तो म्हणतो, जीप नको, साक्षीदार होतो. वकिलांच्या मते ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून जीपही शंभूला.

वरील सर्व माझ्या खुशीने लिहिले.

सही: हनुमंत मल्हारी कोळपे
ठिकाण: शिरूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
सोपानराव गदादे, वडगाव रासाई. सही माझ्यादेखत झाली.
डॉ. विश्वजीत पलांडे, शिरूर. सही माझ्यादेखत झाली, तेवढ्यापुरताच मी साक्षीदार. पॉवरबद्दलचा मजकूर मला अजूनही मान्य नाही.