कप्तानाचं पाणी

४ फेब्रुवारी

पक्कं झालं. राज्याची सायकल शर्यत, पुरुषांच्या वरच्या गटाची, यंदा आमच्या रस्त्यावर. महाडहून पोलिसांच्या गाडीमागे सावकाश येणार, पोलादपूर सोडलं की खरी सुरू. कापडे गावावरून आंबेनळी घाट वर, प्रतापगडाच्या फाट्याला वळसा, परत खाली पोलादपूर, पुन्हा घाट चढून फाट्यालाच शेवट. म्हणजे आमच्या दारावरून तीनदा.

संदेश रायगडच्या संघात आहे. धाकटा मुलगा. लग्नाचं वय उलटत चाललंय, पण पाय असे की घाटात मालाचा ट्रक मागे टाकतो. बाप म्हणून लिहीत नाही, ट्रकवालेच सांगतात.

याच शर्यतीतून राज्याच्या संघाची निवड. नाही झाली तर सायकल विकायची आणि मुंबईला जावयांच्या कंपनीत गोडाऊन सांभाळायचं, हे त्याचं त्यानेच ठरवलंय. जावयांनी जागा धरून ठेवली आहे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. निवड होणारच, मग बोलायचं कशाला.

काळजी: ओढ्याच्या वळणावरची खडी. मोकाट गुरं. म्हादूचा कुत्रा, तो सायकल दिसली की अंगावर धावतो.

सौ. म्हणते, "अवो, शर्यत त्याची हाय, घाम तुम्हाला का फुटतोय?"

७ फेब्रुवारी

संदेश दुपारी त्याच्या कप्तानाला घेऊन आला. इरफान, महाडचा. वडील कुवेतला. खजुराचा डबा आणला, खाली वाकून नमस्कार केला. मुलगा चांगला. सौ.ने वालाचं बिरडं केलं होतं. "काकी, अजून एक भाकरी," म्हणाला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा. आमचा संदेश भात मोजून खातो, त्यामुळे तिला कोणी पोटभर खाणारा भेटतच नाही.

जेवताना इरफान म्हणाला, "काका, ह्याच्याशिवाय मी घाटाच्या पायथ्यालाच संपतो." मला वाटलं मान देतोय. मग विचारत गेलो तसं कळलं. संदेशने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, इरफानने त्याच्या मागे ताकद राखायची. तहान लागली की संदेशने घोळक्यातून मागे सुटायचं, संघाच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, पुन्हा घोळका गाठायचा आणि त्या इरफानला द्यायच्या. शेवटच्या चढाला इरफान सुटणार आणि जिंकणार.

"आनि तू?"

"मी येतो मागून."

"म्हंजे तू पानक्या?"

इरफान खायचा थांबला. संदेश म्हणाला, "अण्णा, एकटा कोणी जिंकत नाय ह्यात. निवडणारे बघतात, कोणी काय काम केलं ते."

"पहिल्या आलेल्याचं नाव पेपरात येतं. पाणी आणलेल्याचं कधी वाचलंस?"

संदेश ताट तसंच ठेवून उठला. सौ. माझ्याकडे अशी बघत होती की... बोलायला नको होतं. पाहुण्यासमोर तर नकोच.

९ फेब्रुवारी

देवळात गावकीची बैठक. शर्यतीच्या दिवशी गावाने काय करायचं यावर. राहवलं नाही, संदेशला पाणी आणायचं काम दिलंय ते सांगून टाकलं.

म्हादू म्हणाला, "म्हंजे आपला संदेश डोक्यावर हंडा घेऊन सायकल मारनार?" सगळे हसले. मला लागलं. म्हादूचा मुलगा साधी मोटारसायकल घाटात धड चालवत नाही.

पण त्या रागातच मला सुचलं. पाणी गाडीतूनच का? घाटाच्या रस्त्याला गाव आमचं, विहीर आमची. कप्तानाला पाणी गावाने द्यावं. घरटी एक माणूस पाणी घेऊन रस्त्याला उभा केला की संदेशला मागे जायची गरज उरत नाही. तोही मग जिंकायला मोकळा.

अध्यक्ष बाळूतात्या मांडी ठोकून म्हणाले, "आण्णा, हे डोकं इतकी वर्सं कुठं ठेवलं होतं? कप्तान गावाचा पाव्हणा. त्याला पाणी गावच देनार."

एकमताने ठरलं. बचत गटाच्या बायका कोकम सरबत करणार. गावाच्या मुंबई मंडळाला फोन झाला, ते खास बस करून येतात. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, ते मीच घातलं. संदेशसाठी मागितलं, मग लाज वाटून इरफानसाठीही मागितलं. दोघेही पहिले कसे येतील ते देवाने बघावं.

बऱ्याच दिवसांनी घरी येताना छाती भरून आली. दुखत नव्हती, भरूनच आली होती. तरी उद्या डॉक्टरांना विचारतो.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले काही नाही. तसंच म्हणतात.

ओढ्याच्या वळणावरची खडी मी आणि तात्यांचा गडी मिळून झाडली. अर्धी. पाठ धरली. म्हादूने कुत्र्याला शर्यतीच्या दिवशी कोंडायचं कबूल केलं. मंडळाने पाण्याचे पेले छापून आणलेत, त्यावर गावाचं नाव. इरफान ओळखता यावा म्हणून त्याचा संघाच्या निळ्या जर्सीतला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरवलाय.

संदेश महाडला संघासोबत राहायला गेला. जाताना मी म्हटलं, "पाण्याची कालजी करू नको." त्याला वाटलं मी आपलं सहज म्हटलं.

१४ फेब्रुवारी

संदेशला फोन केला. राहवेना, सगळा बेत सांगितला. घरटी माणूस, सरबत, पेले. मला वाटलं खूश होईल.

 

तो म्हणाला, "अण्णा, रस्त्यावरच्या माणसाच्या हातचं पाणी चालत नाय. संघाच्या गाडीतलं, नायतर नेमून दिलेल्या जागेवर संघाच्या माणसाने दिलेलं. आपल्या गावात ती जागा नाय. पंच मोटारसायकलवर सोबत असतात. दंड लावतात, वेळ वाढवतात, बादसुद्धा करतात. इरफान बाद झाला तर सगळ्यांची मेहनत गेली. माझी निवड पण."

"पाणी दिल्याचा दंड?"

"नियम हाय, अण्णा. तुम्ही फक्त एवढं थांबवा."

फक्त एवढं. संबंध गाव मी पेटवला, आता विझवायचं मीच. शर्यत परवावर. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "आता खरी कालजी करा. आजवर वाया घालवली."

१५ फेब्रुवारी

सकाळपासून घरोघर.

बाळूतात्या चिडले. "ठराव तुमचा, बदलता पण तुम्हीच? मंडळाची मानसं पेले घेऊन बसमध्ये बसली असतील." म्हादूला आनंद झाला. "आण्णाचा ठराव म्हंजे आमच्या घरचा लाइट, आला कधी गेला कधी." ऐकून घेतलं.

सगळ्यात अवघड भागीआजी. रस्त्याला लागून तिचंच घर. आजवर तिच्या दारावरून कोणी तहानलेला गेलेला नाही, एस.टी. बंद पडली तरी सगळ्या उतारूंना पाणी तीच देते. तिला नियम सांगितला तर म्हणाली, "कुठल्या मेल्याने केला रे हा नियम? तान्हेल्याला पानी नको म्हनू? माझ्या सासूने मला असलं शिकवलं नाय."

"आजी, तुझ्या पान्याने पोर बाद होईल."

"माझ्या पान्याने कोन मेला नाय आजवर!"

परत फिरलो. येताना खालूबाजा वाजवणाऱ्यांच्या आळीत ढोल उन्हात तापत ठेवलेले दिसले आणि उपाय सापडला. माणसं ऐकत नाहीत, हातात काही धरायचं म्हणतात, तर त्यांच्या हातात दुसरंच द्यायचं. देवळातले भजनाचे सगळे टाळ काढले. घरटी एक जोडी. ज्याला टाळ नाही त्याला झांज, नाहीतर थाळी आणि पळी. तात्यांना सांगितलं, "दोन्ही हात गुंतलेले पायजेत. एक हात मोकळा दिसला की मानूस पेला उचलनार." तात्या हसले आणि तयार झाले. सरबत शर्यत संपल्यावर, सगळ्यांना.

भागीआजीला टाळ दिले. तिने खुंटीला अडकवले. "बघू," म्हणाली.

तरी मला खात्री आहे. उद्या चांगलंच होणार.

१६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहितो.

पहिल्या फेरीला सगळे एकत्र गेले, वाऱ्यासारखे. संदेश अगदी पुढे, मान खाली. त्याच्या मागे इरफान. बाजा जोरात. कुत्रा कोंडलेला, गुरं बांधलेली. उतरताना गेले ते तर दिसलेच नाहीत, नुसता आवाज. ओढ्याच्या वळणावर कोणी पडलं नाही. खडी झाडल्याचं सार्थक.

दुसऱ्यांदा चढाला आले तेव्हा ऊन वर आलेलं. घोळका फुटून लहान झाला होता. शाळेजवळ संदेश त्यातून सुटला आणि मागे राहिला. गावाचा बाजा थांबला. कोणीतरी म्हणालं, "दमला रे, गेला." मला सौ.कडे बघवेना.

तो गाडीजवळ गेला. बाटल्या घेतल्या आणि जर्सीत कोंबल्या, पाठीवर, छातीवर, गळ्यातून आत. अंगाला मडकी बांधल्यासारखा दिसत होता. मग पेडलवर उभा राहिला. भर चढावर, एवढं ओझं घेऊन, जे त्याला सोडून पुढे गेले होते त्यांना त्याने आमच्या देवळासमोर गाठलं. एकेकाला मागे टाकत इरफानपर्यंत गेला, त्याला बाटली दिली, मग संघातल्या दुसऱ्यांना.

म्हादू ढोलावर हात ठेवून उभा. "आयला, ह्यो मागे जाऊन परत आला! भरून आला! ह्यातल्या कोनाला जमंल रे?" आणि असा ढोल बडवला की चामडं फाटेल वाटलं. पाणक्या म्हणणारा पहिला मीच होतो. मी टाळ वाजवत राहिलो, दुसरं काय करणार.

मग संदेश खरोखरच मागे पडू लागला. तोंड उघडं, ओठ पांढरे. सगळ्या बाटल्या वाटून टाकल्या, स्वतःला एकही नाही. भागीआजी तिच्या दारातून निघाली. हातात टाळ नव्हते, कळशी आणि पेला. "घे रे बाला, घे. सगळं दुसऱ्याला दिलंस." रस्त्यावर आली. संदेशने मान वळवली. मागे पंचांची मोटारसायकल.

मी कसा धावलो माहीत नाही. मध्ये जाऊन उभा राहिलो. आजी माझ्यावर आपटली, सगळी कळशी माझ्या अंगावर. थोडं पाणी त्याच्या हातावर आणि मानेवर उडालं. तो न थांबता गेला. पंचाने गाडी हळू केली, आमच्याकडे बघितलं, खिशातून कागद काढला.

आजी ओरडली, "बाप हायस का कोन हायस तू!"

 स्वतःच्या मुलाला तहानलेला बघून पाणी अडवलं. हे लिहून ठेवतो, पुढे मला कोणी विचारलं तर.

संध्याकाळी

इरफान पहिला. फाट्याच्या आधीच्या वळणावर एकटा सुटला. संदेश बराच मागून आला, पण आला. अर्धे तर पोचलेच नाहीत. त्यातला एक कोल्हापूरचा आमच्या गावात सायकल सोडून बसला, त्याला भागीआजीने पोट फुटेस्तोवर पाणी पाजलं. शर्यत सोडलेल्याला चालतं, हे मी आधी पंचांनाच विचारून घेतलं.

पंचांनी मला बोलावलं. "त्या खेळाडूने पाणी घेतलं का?" मी ओला सदरा दाखवला. "साहेब, सगळं मी घेतलं." पंच हसले नाहीत. उडालेलं वेगळं, हातातून घेतलेलं वेगळं, असं म्हणाले. अहवालात मात्र लिहिणार. निवड अहवाल बघून होते, आठवड्याभरात कळवतील.

संदेश घरी आला तेव्हा मी विचारलं, "तहान लागली होती का रे?"

"लागली होती."

"मी अडवलं."

"बघितलं मी," म्हणाला. मग, "टाळ कोणी वाटले?"

"मी."

खूप हसला. भात न मोजता जेवला. सौ. दोनदा आत जाऊन डोळे पुसून आली.

१९ फेब्रुवारी

इरफान पेढे घेऊन आला. पेपरात त्याचं नाव. संदेशचं नाही. इरफानने आधी भागीआजीच्या घरी जाऊन पेढे दिले, मग आमच्याकडे. म्हणाला, "काका, त्या बाटलीशिवाय मी फाटा बघितला नसता. निवडणाऱ्यांना मी सांगितलंय."

"काय म्हनाले?"

"ऐकून घेतलं."

ऐकून घेतलं म्हणजे काय? मी पण म्हादूचं ऐकून घेतलं होतं.

२३ फेब्रुवारी

आठवडा झाला. काही नाही. फोन चार्जिंगला लावून बघतो, काढून बघतो. संदेश म्हणतो, "अण्णा, फोन माझा हाय, तुम्ही का धरून बसता?"

निवड होईल. मला शंका नाही. जे त्या पंचाने पाहिलं ते पाहून कोण नाही म्हणेल? फक्त त्याने नेमकं लिहिलं काय, पाण्याचं की बाटल्यांचं...

सकाळी जावयांचा फोन. त्यांचे साहेब विचारतात, गोडाऊनची जागा धरून ठेवायची की सोडायची, आज सांगा. जावई चांगला माणूस, आमच्यासाठी किती दिवस अडवून ठेवली जागा. म्हणाले, "संदेशला द्या फोन."

"तो घाटात गेलाय," मी म्हटलं.

"शर्यत तर झाली ना?"

"झाली."

"मग आता कशाला गेलाय?"

मला काय माहीत. पहाटे मी उठलो तेव्हा सायकल पडवीत नव्हती. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं.

जावई वाट बघत होते. सौ. चुलीपुढून हात पुसत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "जागा दुसऱ्या कोनाला द्या."

फोन ठेवला.  त्याला न विचारता सांगून टाकलं. अजून आला नाही. आला की सांगतो.