सेंट ऑस्विन इस्पितळातल्या माझ्या मुलीचा ठावठिकाणा

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
नगरपालिका, हॅल्डनबरो.

विषय : सेंट ऑस्विन इस्पितळात दि. १७ फेब्रुवारी १९६१ रोजी मृत जन्मलेल्या मुलीचे दफनस्थान कळविणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ६ एप्रिलचे पत्र.

महोदय,

१. सदर इस्पितळ पूर्वी निराधारांचे आश्रयगृह होते, पुढे शहराचे इस्पितळ झाले व आठ वर्षांपूर्वी बंद पडले. आता तेथे सदनिका आहेत. वॉर्ड सहाच्या खिडकीत कोणाची तरी किटली दिसते.

२. त्या वॉर्डात माझे मूल जन्मले, ते रडले नाही. मुख्य परिचारिका म्हणाल्या, "बघू नकोस गं. घरी जा, वर्षभरात दुसरं होईल." दुसरे झाले नाही. माझे पती वॉल्टर यांनी चौकशी केली असता, "ते आमच्यावर सोडा," एवढेच उत्तर मिळाले. मुलगी होती, हे मला फरशी पुसणाऱ्या बाईंनी सांगितले.

३. दफनाची वही कधीतरी दिसेल या आशेने मी १९६३ साली त्याच इस्पितळाच्या धुलाईखात्यात नोकरी धरली. तेहतीस वर्षे चादरी धुतल्या. वही दिसली नाही.

४. 'नाव नसल्याने नोंद शोधता येत नाही' असे आपण कळविले. नाव ठेवण्याची मुभाच नव्हती. घरात आम्ही तिला रूथ म्हणत आलो. त्या नावाने काही सापडणार नाही, हे मी जाणते.

५. मागील आठवड्यात इस्पितळाचे जुने हमाल श्री. सिरिल बीमिश यांना वृद्धाश्रमात भेटले. ते म्हणाले, "तुझी होती होय ती, एनिड? अगं, रोज मळक्या चादरी मीच आणून द्यायचो तुला. एकदा तरी विचारायचंस." अशी बाळे ते त्या आठवड्यातल्या एखाद्या बेवारस मृताच्या पेटीत हळूच ठेवीत. "एकटं जायला नको म्हणून. तुझ्या वेळी एक म्हातारी होती. तिला भेटायला कधीच कोणी आलं नाही."

मी वॉल्टर यांना हे सांगू शकले नाही. ते जानेवारीत वारले.

६. तरी विनंती, की आपण माझ्या मुलीचा शोध थांबवावा व त्या वृद्धेचा घ्यावा. त्यांना नाव असेल, म्हणून नोंदही असेल. ते नाव व थडग्याचा क्रमांक मिळावा. त्रेचाळीस वर्षे माझी मुलगी त्यांच्या कुशीत आहे आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला ठाऊक नाही.

आपल्या पत्राच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
श्रीमती एनिड होलरॉइड
दि. १२ मे २००४

सोबत : श्री. बीमिश यांचे सहीचे निवेदन.