पाटावरचं शूटिंग

पिएद्रा लिसा, न्यू मेक्सिको
१५ फेब्रुवारी २०२४

चि. डेल्फिनास,
फेमीताईचे अनेक आशीर्वाद, आणि पुएब्लोच्या थंडीत गुडघे उघडे टाकून हिंडू नकोस अशी ताकीद.

फोन का करत नाहीस म्हणून रुसली आहेस. अगं, फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझे कान बसतात. पत्रात तू कितीही ओरडलीस तरी शेजारणीला ऐकू जात नाही, म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी की गावात सिनेमावाले आलेत. चर्चच्या मागच्या माळावर गाड्याच गाड्या. सिनेमा आपल्या करोनाच्या वर्षाचा, पण वेस्टर्न! घोडे, शेरीफ, मोठमोठ्या टोप्या, आणि तोंडाला मास्क. वर म्हणे हसवणारा. त्या पोरगेल्या दिग्दर्शकाला मी विचारलं की बाबा, त्या वर्षात हसण्यासारखं काय सापडलं तुला? तर म्हणतो, लांबून बघितलं की हसू येतं. मी म्हटलं, मग तू लांबच उभा राहा, माझ्या जर्दाळूच्या झाडांना टेकू नकोस.

गर्दीत उभं राहायला अख्खा गाव नाव घालून आलाय. कपडेवाली बाई प्रत्येकाकडे बघते आणि ठरवते, हा मास्कवाल्यांत, ही बिनमास्कवाल्यांत. पोस्टातली व्हिक्टोरियाना त्या वर्षी एकावर एक दोन मास्क लावायची ना, तिला नेमकं बिनमास्कवाल्यांत टाकलं. बया रडायलाच लागली. लोकांना काय, काल राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली तेव्हाही नजरा शूटिंगच्या गाड्यांकडेच होत्या.

इथवर हसले. आता जे लिहायला बसले ते लिहिते. सिनेमात पाटावर मारामारी आहे. दोन टोळ्या, दोन काठ, हातात फावडी. आणि एका काठाला आपला सेलेदोनिओदादा उभा राहणार, दुसऱ्याला तुझा बेनिसिओ. दोघांनीही आपणहून नावं दिलीत. चार वर्षं ज्या मामा-भाच्यांनी एकमेकांना रामराम केलेला नाही, त्यांना हे लोक समोरासमोर फावडी देऊन उभे करणार आहेत. तू बेनिसिओला समजाव.

लोभ आहेच, तो काळजीसकट ठेवून घे.
तुझी फेमीताई

पुएब्लो, कोलोरॅडो
२० फेब्रुवारी २०२४

ती. फेमीताईस,
डेल्फिनाचा नमस्कार. गुडघे गुंडाळले आहेत, डोकं मात्र तापलंय.

बेनिसिओला फोन केला. तो म्हणाला की आई, नुसता सिनेमा आहे, एका दिवसाचं काम. पण आवाज कसा होता सांगू? त्याचे बाबा गेल्यावर जसा झाला होता तसा, सपाट. मला तो आवाज चांगला ठाऊक आहे. तू त्याची मावशी, तुझ्या हातचं जेवतो, तर तूच त्याला कोंडून ठेव, पोझोलेच्या रश्श्यात झोपेची गोळी घाल, काय वाटेल ते कर.

तुझ्या भावाबद्दल मी काय बोलू? माझा कोणी भाऊ आहे हे मी सोडून दिलंय. तो पाटकरी आहे, सगळा पाट त्याच्या शब्दावर चालतो, मान्य. पण त्या वसंतात पाट साफ करायला सगळे जमले, तेव्हा माझा त्रांकिलिनो मास्क लावून गेला होता. तुझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, अरे, बैलाला मुसकं बांधतात, माणसाला नाही, काढ ते. आणि माझा भोळा नवरा! मेव्हण्याचा शब्द कसा मोडायचा, म्हणून काढलं त्याने. पंधरवड्यात मी विधवा झाले. शेवटचं तोंडही काचेतून बघितलं.

तेव्हापासून त्याची वरची टोळी तुझ्या कुंपणापर्यंत पाट साफ करते, बेनिसिओची खालची टोळी चर्चपर्यंत, आणि मधला तुकडा तसाच गाळाने भरलेला. खाली पाण्याची धार येते ती करंगळीएवढी. माझ्या मुलाची मिरची करपते ती कोणामुळे? आता त्याने फावडं उगारलं तर मी त्याला काय तोंडाने थांबवू? पण थांबव गं ताई. नवरा गेला, आता पोरगा तुरुंगात जायला नको.

रागावले आहे, तरी लोभ आटलेला नाही.
डेल्फिना

पिएद्रा लिसा
२६ फेब्रुवारी २०२४

चि. डेल्फिनास,
आशीर्वाद. हे पत्र वाचण्याआधी बसून घे.

बेनिसिओला जेवायला बोलावलं. हिरव्या मिरचीचा रस्सा दोनदा घेतला, ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि मग सांगितलं की मावशी, मला वाक्य मिळालंय. गर्दीतल्या कोणालाच वाक्य नाही, फक्त याला. त्या दिग्दर्शकाच्या कानावर गावातल्या कोणीतरी, देव त्याची जीभ झडवो, सगळी कथा घातली. त्याला ती इतकी आवडली की त्याने लगेच लिहून काढलं. पाटाच्या काठावरून एक तरुण समोरच्या म्हाताऱ्याला ओरडून म्हणतो, तू माझ्या बापाला मारलंस. मग म्हातारा शिवी देतो, आणि मारामारी सुरू.

म्हातारा कोण, हे तुला सांगायला नको. चेहरा शोभतो म्हणे.

मी दिग्दर्शकाकडे गेले. म्हटलं, बाबा रे, हे खरं आहे, याच्याशी खेळू नकोस. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की आजी, खरं आहे म्हणून तर घेतोय. त्याने रबराची फावडी आणली होती. दादा म्हणाला, रबराचं फावडं धरायला मी सर्कशीतला आहे का? आणि बेनिसिओनेही शब्द न् शब्द तेच म्हटलं. तेव्हा खरी फावडी. दादा अंगणात बसून फावड्याला धार लावतोय. दरवर्षी लावतो गं, साफसफाईच्या आधी लावतोच. पण या वर्षी ती कर्रकर्र ऐकवत नाही.

दादाला विचारलं, तुला माहीत आहे ना पोरगा काय बोलणार आहे? तर म्हणाला, माहीत आहे. आणि परत धार लावायला बसला.

शूटिंग शनिवारी. प्रार्थना कर.
फेमीताई

पुएब्लो
१ मार्च २०२४

ती. फेमीताईस,
नमस्कार वगैरे सगळं मागाहून.

थांबव त्याला! हे पत्र शनिवारच्या आत पोचणार नाही हे मला कळतंय, तरी लिहिते आहे, हात स्वस्थ बसत नाही. बेनिसिओ फोन उचलत नाही. बसची चौकशी केली, उद्याची गाडी नाही. ताई, ते वाक्य चार वर्षं माझ्याच तोंडात आहे. माझ्या मुलाच्या तोंडून ते बाहेर पडलं तर पुढे काय उरतं? तू त्या दोघांच्या मध्ये उभी राहा. तुला मारायचा धीर दोघांनाही होणार नाही.

डेल्फिना

पिएद्रा लिसा
३ मार्च २०२४

चि. डेल्फिनास,
आशीर्वाद. पहिलं हे की दोघेही धड आहेत. आता श्वास घे आणि सावकाश वाच.

मी मध्ये उभी राहायला निघाले होते, पण एका पोरीने मला दोरीबाहेर काढलं. या पोरीचं काम काय, तर आधीच्या वेळी कोणाची बाही वर होती, कोणाच्या बुटाला चिखल होता, ते लक्षात ठेवायचं. दुसऱ्या वेळी सगळं तस्संच पाहिजे.

सिनेमावाले ओरडले. सुरू झालं. बेनिसिओ पुढे आला आणि त्याने ते वाक्य म्हटलं. डेल्फिना, सिनेमातले घोडेसुद्धा हलेनात. मी कुंपणाला धरलं. आता दादाने शिवी द्यायची होती. दादाने टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. दिग्दर्शक ओरडायला लागला की उत्तर द्या, उत्तर द्या! तेव्हा दादा म्हणाला की मला याचं उत्तर येत नाही.

परत घ्या म्हणाले. परत तेच. बेनिसिओ ओरडला, दादाने टोपी काढली. मग परत. ढग आला म्हणून थांबले, विमान गेलं म्हणून थांबले. किती वेळा म्हणायला लावलं गं त्या पोराला! प्रत्येक वेळी त्याचा आवाज खाली येत गेला. शेवटी तर सांगितल्यासारखंच म्हणाला, आणि रडला. दिग्दर्शक खूश. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग उजेडासाठी थांबायचं होतं. सगळे त्या गाळाच्या तुकड्यात उभे, हातात फावडी. तू तर आपली माणसं जाणतेस. फावडं हातात असताना पाटात रिकामं उभं राहणं कोणाला जमतं? आधी दादा वाकला. खाली बघूनच उपसायला लागला. समोरून बेनिसिओ. मग सगळेच. मास्कवाले, बिनमास्कवाले, रडकी व्हिक्टोरियाना. चहा येईपर्यंत निम्मा तुकडा मोकळा!

उजेड आला आणि ती पोरगी किंचाळली. आधीच्या वेळी इथे गाळ होता! दिग्दर्शक धावत आला, कपाळाला हात लावला, आणि म्हणाला की सगळा गाळ परत पाटात टाका, नाहीतर दृश्य जुळणार नाही.

पाटात गाळ परत टाका! दादा ताठ झाला. म्हणाला, मी पाटकरी आहे, माझ्या हयातीत या पाटात कोणी माती टाकणार नाही. आणि मागोमाग, त्याच दमात, बेनिसिओ म्हणाला की मामा बरोबर बोलतोय, टाकणार नाही. मामा म्हणाला गं तो! चार वर्षांनी.

दिग्दर्शकाने विनवलं, चिडला, पैसे कापीन म्हणाला. कोणी ढिम्म हललं नाही. उरलेला तुकडाही उपसला आणि मगच वर आले. मिठ्या मारल्या असं समजू नकोस. दोघे आपापल्या काठाने घरी गेले. मारामारी आता बाहेरची माणसं आणून दुसऱ्या गावात करणार आहेत.


तुझ्या लोभाची सवय झालेली,
फेमीताई

पिएद्रा लिसा
१८ मार्च २०२४

सौ. डेल्फिना यांस,
पाटकरी सेलेदोनिओ याचा नमस्कार.

पत्रास कारण की, ईस्टरनंतरच्या शनिवारी पाटाची साफसफाई ठरली आहे. रिवाजाप्रमाणे प्रत्येक घराने एक फावडं पाठवायचं आहे. आपल्या घराला गेली चार वर्षं निरोप गेला नाही, ती चूक पाटकऱ्याची. बेनिसिओ त्याच्या स्वतःच्या घरातर्फे येईल. त्रांकिलिनोच्या घरातर्फे कोण येणार ते कळवावं.

तो माझ्या डाव्या हाताला असायचा. ती जागा मी कोणाला दिलेली नाही.

मी त्याला मुसकं काढ म्हणालो. त्याने काढलं. मला ते सिनेमात म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. तू आलीस आणि तुझी इच्छा असली तर मी दिवसभर मास्क लावून उभा राहीन. सगळ्यांसमोर. हसतील ते हसू देत.

कळावे.
सेलेदोनिओ

पुएब्लो
२५ मार्च २०२४

ती. दादास,

सौ. काय लिहितोस? मी सौ. राहिलेले नाही. पत्रातसुद्धा श्रीमती लिहायला तुझं मन धजावलं नाही, होय ना?

त्रांकिलिनोचं फावडं मी गाव सोडताना इकडे घेऊन आले होते, दुसऱ्या कोणाच्या हातात जायला नको म्हणून. इथे त्याने दारातला बर्फ ओढते. दांडा ढिला झालाय, तेवढा तू बसवून दे. धारही लाव, पण फेमीताईला ऐकू जाणार नाही अशी लाव.

फावडं घेऊन मीच येते. तुझ्या डाव्या हाताला उभी राहीन. मी माफ केलंय असं समजू नकोस, मला अजून काही समजत नाही.

आणि मास्क लावू नकोस. सगळ्यांसमोर त्रांकिलिनोचं नाव घेशील, तेव्हा मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.

लोभाचं काय ते शनिवारी पाटावर बघू.
डेल्फिना