ओळखपत्रावरचं उपरणं

सोमवार, २९ डिसेंबर

सोमनाथ अर्ज भरायला निघाला. धाकटा भाऊ माझा, नगरसेवकाला उभा राहतोय — आमच्या घराण्यात पहिलाच! मी ड्युटीला निघाले तोच ताशा वाजवत दारात. बहिणीने ओवाळल्याशिवाय आमच्यात भाऊ मोठ्या कामाला जात नाय. ताट केलं, कुंकू लावलं. गर्दीतल्या कोणीतरी गळ्यात उपरणं टाकलं. फोटो काय, शिट्ट्या काय. ऑफिसला उशीर झाला तो झालाच.

३० डिसेंबर

फोटो मोबाईलवर फिरतोय. गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र, त्याच्यावर पक्षाचं उपरणं, हातात ताट. खाली लिहिलंय — महापालिकेची शिपाईण प्रचारात!

पिंकी ओरडली, "आई, कार्ड तरी काढायचं!" काय काढायचं? तिचा बाप वारला, त्याच्या जागी लागले. त्या कार्डावर तर घर चाललंय.

३१ डिसेंबर

ऑफिसात नोटीस. समोरच्या उमेदवाराने तक्रार केली. साहेब मान वर करेना. योगेश क्लार्कने वाचून दाखवली — कर्मचाऱ्याने कोणाचा प्रचार करायचा नाय.

"प्रचार कुठला? भाऊ हाय माझा!"

"मावशी, घरात भाऊ. दारात ताशा वाजला की उमेदवार."

मग हळूच म्हणे, भावाने जबरदस्ती केली असं लिहून द्या, सुटाल. आणि तो? "तो अडकेल."

१ जानेवारी

सकाळीच प्रतिभाचा फोन. सोमनाथची बायको. रडत होती. "ताई, यांचं सगळं आता तुमच्या हातात."

लिहून दिलं — मी माझ्या मनाने ओवाळलं, कोणी सांगितलं नव्हतं. योगेशने कपाळाला हात लावला. दुपारी सस्पेंड. कार्ड काढून घेतलं.

पिंकी जेवली नाय. मी पण.

२ जानेवारी

सोमनाथने अर्ज मागे घेतला!! समोरच्याशी जुळलं म्हणे. मला सांगितलं कोणी, तर दूधवाल्याने. फोन केला. "ताई, राजकारणात चालतं असं. तुझं बघतो नंतर."

धावत ऑफिसात. उमेदवारच राहिला नाय तर माझा गुन्हा कसला?

योगेश म्हणे, "मावशी, त्यांनी माघार घेतली. तुमच्या जबाबाला माघार नाय."

५ जानेवारी

काही नाय. साहेब भेटत नाय.

६ जानेवारी

सोमनाथ आला, त्याच समोरच्याला घेऊन. हसत. "ताई, आपल्या गल्लीची मतं या साहेबांना द्यायची बरं का."

म्हटलं, मी सरकारी माणूस. माझ्याशी राजकारण बोलायचं नाय.

दार लावलं. भावाच्या तोंडावर, पहिल्यांदा.